बिनफोडणीचं वरण

मी साताऱ्यात एका अकॅडमीत गणित शिकवते. फौजेत नाहीतर पोलिसात जायचं म्हणून खेड्यापाड्यांतून आलेली पोरं असतात. पळायला लावा, घोड्यासारखी पळतील. शेकडेवारीचं गणित घातलं की लगेच तहान लागते. चाचणीत मार्क कमी पडले की माझ्याकडे येऊन कारणं सांगतात. मॅडम, ताप होता. मॅडम, गावाकडं जत्रा होती. इतर शिक्षक त्यांना हाकलून देतात आणि मी ऐकून घेते, म्हणून पोरांना वाटतं की मी मायाळू आहे. मी अजिबात मायाळू नाही. ती इतकं भडाभडा कसं सांगू शकतात, याचं मला नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. मला माझं कारण कधीच सांगता आलं नाही.

माझं गाव कडेगाव तालुक्यात. उसाचं गाव. वडील फौजेत हवालदार होते. पेन्शन घेऊन घरी आले आणि शेती बघू लागले, पण फौज काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. पहाटे उठायचे, दाढी करायचे, चप्पल जागेवर ठेवायचे आणि घरातल्या सगळ्यांकडून रिपोर्ट मागायचे. म्हशीनं दूध किती दिलं हा आईचा रिपोर्ट. गोळी घेतली का हा आजोबांचा. मी एकुलती एक, माझा रिपोर्ट मार्कांचा. दहावीला मला चांगले मार्क पडले, गावात पहिली आले, तेव्हा त्यांनी सगळ्या आळीला पेढे वाटले आणि मला म्हणाले, "गुड. आता पुढं." एवढंच. आईनं मात्र दृष्ट काढली.

अकरावी-बारावीला मला सांगलीत आत्तीकडे ठेवलं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. ते हळदीच्या अडतीवर कामाला होते, त्यामुळे त्यांच्या कपड्यांना, पिशवीला, पैशांनासुद्धा हळदीचा वास असायचा. त्या घरात मला काही कमी नव्हतं. आत्तीला मूलबाळ नव्हतं. माझं ताट वाढताना ती दोनदा तूप घालायची आणि वर म्हणायची, "बापाला सांगू नको, वजन विचारंल."

रोज संध्याकाळी वडिलांचा फोन यायचा. अकरावीत एकदा चाचणीत मला मार्क कमी पडले. खरोखर ताप होता. मी फोनवर तापाचं सांगायला लागले तसं त्यांनी मध्येच थांबवलं.

"ताप आला ते मला आत्तीनं सांगितलंय. तू मार्क सांग."

"पण तापामुळंच..."

"ताप हा मार्क न्हाई. बहाना नको. रिझल्ट बोल."

मी रिझल्ट बोलले. मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "आता अंग गरम हाय का?" ते असे होते. आधी हवालदार, मग बाप, पण बाप यायचाच.

बारावीचे पेपर सुरू झाले. इंग्रजी, मराठी, मग फिजिक्स. फिजिक्सचा पेपर इतका छान गेला की मी बाहेर येऊन बाकीच्या मुलींशी उत्तरं ताडून बघितलीच नाहीत. संध्याकाळी वडिलांना काय सांगायचं ते मनात जुळवत घरी आले. "एक गणित राहिलं, बाकी फत्ते." फत्ते हा त्यांचा शब्द, त्यांना आवडला असता.

घरी आत्ती नव्हती. मामा म्हणाले, नात्यातल्या पोरीचं स्थळ बघायला तासगावला गेली आहे. ती दिवे लागायच्या वेळेला आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. मामांनी न्हाणीत पाणी काढून दिलं आणि ती कुणाशी न बोलता सरळ न्हाणीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते. स्थळ बघून आलेली बाई तिन्हीसांजेला डोक्यावरून अंघोळ कशाला करेल? हा प्रश्न मला पडला, पण उद्याच्या केमिस्ट्रीत बुडून गेला.

वडिलांचा फोन आला नाही. आत्ती म्हणाली, "ऊस घिऊन कारखान्यावर गेलाय. गाड्यांची लाईन लागली आसंल. तितं रेंज न्हाई." मी आईला लावते म्हटलं तर म्हणाली, "तुज्या आईचा मोबाईल बिगडलाय." आणि मग माझा मोबाईल तिनं हातातून काढून घेतला. परीक्षा संपेपर्यंत कपाटात राहू दे, डोळ्यांना त्रास होतो, म्हणाली. मोबाईलनं डोळ्यांना त्रास होतो हे त्या घरात प्रथमच निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरला जाण्याआधी जेवायला बसले. ताटात भात होता, वरण होतं, बिनतिखटाची उकडलेली भाजी होती. वरण पांढरं होतं. वर फोडणी नव्हती. मोहरी नाही, जिरं नाही, हळदसुद्धा नाही. ज्या घरात पैशांना हळदीचा वास येत होता, त्या घरात वरणाला हळद नव्हती.

"पोटाला हलकं खावं परीक्षेत," आत्ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी खेड्यातली पोरगी. आमच्याकडे कुणी गेलं की भावकीतल्या सगळ्या घरांतली फोडणी बंद होते. सुतक फिटेपर्यंत तेलात मोहरी पडत नाही, पापड तळत नाहीत, देवाला दिवा लावत नाहीत. आम्हाला लहानपणी सुतक कुणी समजावून सांगितलं नाही, आम्ही ते जेवणातून शिकलो. घराघरांतून चर्र आवाज यायला लागला की आता खेळायला ओरडलं तरी चालतं, हे पोरांना आपोआप कळायचं. त्यामुळे त्या वरणाकडे बघितल्यावर मला जे कळायचं ते पहिल्या घासालाच कळलं.

मग माझ्या डोक्यानं हिशेब मांडायला सुरुवात केली. मला त्या डोक्याची तेव्हा घृणा वाटली आणि अजूनही वाटते. मामांच्या कपाळावर रोजच्यासारखं गंध होतं. सकाळी दिवा त्यांनीच लावला होता, आणि ते गणपतीच्या देवळातही जाऊन आले होते. म्हणजे सुतक मामांना नव्हतं. आत्ती मात्र देव्हाऱ्याकडे फिरकली नव्हती. बाहेरची होण्याचं तिचं वय निघून गेलं होतं. म्हणजे सुतक तिचं एकटीचं. लग्न झालेल्या बाईला एकटीला सुतक येतं ते माहेरचं. आणि तिचं माहेर म्हणजे माझं घर. त्या घरात माणसं तीन. आजोबा, वडील, आई.

आत्तीनं सगळं नीट लपवलं होतं. तासगाव, कारखाना, रेंज, मोबाईल, एकही धागा सुटा नव्हता. पण माहेरचं माणूस गेलेलं असताना त्याच्या नावाचं सुतक मोडायचं तिच्या हातून झालं नाही. तिनं तोंड बंद ठेवलं आणि ताटातून सांगून टाकलं.

मी विचारलं नाही. आजपर्यंत मी स्वतःला हेच विचारत आले आहे की का विचारलं नाही, आणि उत्तर सोपं आहे. विचारलं नाही तोवर ते आजोबा होते. आजोबांना लकवा होऊन बरेच दिवस झाले होते, त्यांचं सगळं अंथरुणात चालायचं. गावात त्यांच्याबद्दल बोलताना माणसं "सुटंल बिचारा" म्हणायची. मी ठरवून टाकलं की आजोबाच. केमिस्ट्रीच्या पेपरला बसले आणि प्रत्येक प्रश्नाआधी मनात म्हणत राहिले, आजोबाच असू देत. देवा, आजोबाच. ज्यांनी मला मांडीवर बसवून पावकी-निमकी पाठ करून घेतली, त्यांच्या मरणासाठी मी देवाला गळ घालत होते, आणि समोर समीकरणं होती. शेजारच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती. मी मूळ उत्तरपत्रिकाही भरू शकले नाही.

गणिताच्या पेपराआधी मध्ये सुट्ट्या होत्या. त्या सुट्ट्यांत मी पुस्तक उघडून बसायचे आणि स्वयंपाकघराकडे कान द्यायचे. तिसरा दिवस उलटल्यावर आत्तीनं सकाळी केसावरून अंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे बसली, आणि दुपारी कढईत मोहरी तडतडली. तिच्यापुरतं सुतक फिटलं होतं. लग्न न झालेल्या लेकीला सुतक दहा दिवसांचं असतं, पण मी लपवाछपवीतली लेक, मला ते धरायलाही मिळालं नाही. मी ती फोडणीची आमटी खाल्ली. आत्ती समोर बसून बघत होती. तिला वाटलं, पोरगी जेवली, म्हणजे हिला काही कळलेलं नाही. मीही तिला तसंच वाटू दिलं. गणिताचा पेपर कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. ज्या उदाहरणांसाठी मी लोकांच्या वह्यांत खुणा करून द्यायचे, ती मी कोरी सोडून आले.

त्याच दुपारी मामांनी गाडी काढली. "चल, गावाकडं जाऊन यिऊ." आत्ती मागे बसली होती, पदर तोंडाला लावून. कुणी काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि मामा दर वेळी "ह्येंच्या आयला" म्हणून गप्प होत होते. गाव जवळ आलं. आमच्या घरापुढे चिंचेखाली बाज असते. लांबूनच मला दिसलं की बाजेवर कुणाला तरी उशांना टेकवून बसवलंय.

आजोबा होते. जिवंत होते.

आजोबांना बघून जगात कुणी इतकं कोसळलं नसेल. मी गाडीतून उतरले आणि त्यांच्याजवळ गेले. त्यांना नीट बोलता येत नव्हतं, त्यांनी चांगला हात माझ्याकडे केला. मला तो हात धरवेना. तेवढ्यात आई घरातून धावत आली. तिचं कपाळ मोकळं होतं. तिनं मला मिठी मारली आणि बायकांनी एकदम रडायला सुरुवात केली. त्या गलक्यात आई माझ्या कानाशी सांगत होती, "तुला कळू दिलं न्हाई गं बाळा. तुजं पेपर हुतं. त्येंनी कष्ट केलं तुज्यासाटी, ते वाया जायचं न्हाईत म्हनून कळू दिलं न्हाई. काळजावर दगुड ठिवला मी."

नंतर कळलं ते असं. ऊसतोड चालू होती, वडील फडात उभे होते, छातीत कळ आली आणि खाली बसले ते उठले नाहीत. भावकीतली माणसं म्हणाली, पोरीला आणा, तोंड बघू द्या. नको म्हणाली ती एकटी आई. सगळ्यांशी भांडली. अग्नी भावकीतल्याच एका पुतण्यानं दिला. बापाचं तोंड लेकीला दाखवलं नाही म्हणून बायका आईला अजून मागून बोलतात. समोरही बोलल्या. आईनं ते सगळं एका गोष्टीच्या जोरावर पचवलं, की पोरीचे पेपर तरी नीट झाले.

मी तिच्या खांद्यावर मान ठेवून रडत होते तेव्हाच मला समजलं की आता काही सांगायची सोय राहिलेली नाही. मला कळलं होतं असं म्हटलं, तर बापाचं तोंडही गेलं आणि पेपरही गेले. तिच्या दगडाला काही अर्थच उरला नसता. मी मान हलवली. तिथे जमलेल्या बायकांनी एकमेकींना सांगितलं, पोरीला आत्ता कळलं.

निकाल लागला. दहावीच्या मार्कांशेजारी बारावीचे मार्क ठेवले तर ते माझे वाटत नव्हते. फिजिक्स तेवढं चांगलं, खाली केमिस्ट्री आणि गणित गाळात. वर्षभर अभ्यास मी केला होता, मला ठाऊक होतं, पण निकालाच्या कागदावर अभ्यास दिसत नाही. भावकीत चर्चा झाली ती अशी की, पोरीला कळूसुदिक दिलं न्हाई, तरी मार्क पडलं न्हाईत, म्हंजे डोस्क्यातच न्हाई. दहावीला कॉपी झाली असेल, असंही एकानं म्हटलं. आई त्या सगळ्यांना उत्तरं देत फिरायची. माझ्याशी मात्र त्या विषयावर ती काही बोलली नाही, आणि हे न बोलणं मला जास्त लागायचं.

सांगलीतले आमचे फिजिक्सचे सर एकटेच भडकले. त्यांनी मला बोलावून घेतलं. पुण्याकडे एक खासगी विद्यापीठ होतं. तिथे मुलींना फी माफ करून घेत, नुसते मार्क बघत नसत, निबंध लिहून घेत. त्यांच्या अर्जात एक रकाना होता. आधीच्या परीक्षांपेक्षा गुण कमी असतील तर कारण थोडक्यात लिहावे. लिहिलं नाही तरी चालेल, असंही खाली म्हटलं होतं.

"हा रकाना तुझ्यासाठीच आहे," सर म्हणाले. "वडील गेले, ऐन परीक्षेत गेले. लिही. ती माणसं वाचतात."

"सर, वडील म्हणायचे कारण सांगू नये."

"वडील फौजी होते गं. फौजेत ठीक आहे. हे ॲडमिशन आहे. आणि हे रडगाणं नाही, ही माहिती आहे. फरक आहे त्यात."

सर बरोबर होते. पण सरांना हे माहीत नव्हतं की घरच्यांच्या लेखी मला परीक्षेत काही कळलेलंच नव्हतं. मी निबंध लिहिला, तो चांगला झाला. रकान्यासाठी मात्र वहीवर चार-पाच वेळा लिहून खोडलं. 'परीक्षेच्या काळात वडिलांचे निधन झाले', एवढंच लिहावं तर त्यात खोटं काही नव्हतं. पण पुढे कुणी विचारलं, तुला कधी कळलं, तर? खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं, की वरणाला फोडणी नव्हती म्हणून माझी केमिस्ट्री गेली. पुण्याच्या विद्यापीठात कुणाला तरी हे वाचून हसू आलं असतं, आणि मला त्यांचा राग करता आला नसता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

अर्ज आमच्या मोबाईलवर उघडत नव्हता आणि कागद स्कॅन करून जोडायचे होते, म्हणून आम्ही कडेगावला सेतू केंद्रात गेलो. आई सोबत होती, कारण ओटीपी तिच्या नंबरवर येणार होता. ऑपरेटर मुलगा चांगला होता, पण त्याला प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचायची सवय होती. नाव, जात, वडील हयात आहेत का. आईनं पिशवीतून वडिलांचा मृत्यूचा दाखला काढून दिला. त्यानं तारीख टाईप केली, मग माझ्या हॉल तिकिटावरच्या तारखा बघितल्या, मग आमच्याकडे बघितलं.

"परीक्षा चालू असताना झालं का हे, मावशी?"

"व्हय," आई म्हणाली. "निम्मं पेपर व्हायचं हुतं."

"मग हितं तेच टाकू. मार्क कमी का पडले विचारलंय. वडील वारल्यामुळं मनावर परिणाम झाला."

"न्हाई न्हाई," आई घाईनं म्हणाली. खोटं लिहिलं जाईल या भीतीनं म्हणाली. "तिला कळूच दिलं न्हाई आमी. समदं पेपर झाल्यावर सांगितलं. त्येचा तिच्या पेपरावर काय बी परिनाम झाला न्हाई."

तिच्या आवाजात अभिमान होता. नवरा गेल्यापासून तिला अभिमान वाटावा असं तेवढंच शिल्लक होतं.

ऑपरेटरनं की-बोर्डवरचे हात काढले. "मग कारण कसं हुईल ते, मावशी? माहीतच नव्हतं तर?" त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मग तो माझ्याकडे वळला. "ताई, काय टाकू?"

आईही माझ्याकडे बघत होती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. केंद्रातल्या पंख्याचा आवाज येत होता आणि मागे रांगेत उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली माणसं चुळबुळत होती. मी त्या क्षणी सगळं सांगू शकले असते. माझ्या जिभेवर वरण होतं, फोडणी होती, बाजेवरचे आजोबा होते.

"रिकामं ठेवा," मी म्हटलं.

त्यानं रकाना रिकामा ठेवला आणि खालच्या रकान्याकडे वळला. आईनं ओटीपी वाचून दाखवला.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. दरम्यान आजोबा गेले. ज्या मरणाची मी देवाकडे मागणी केली होती ते उशिरा आलं आणि माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. त्यांचं सुतक मी पूर्ण धरलं. दहा दिवस बिनफोडणीचं खाल्लं, एकही घास नाकारला नाही. आई म्हणाली, "आजावर लय जीव हुता पोरीचा."

सुतक फिटल्याच्या दिवशीच फोन आला. अर्जावर आईचा नंबर होता. तिचा मोबाईल आता खरोखरच बिघडला होता, स्पीकरवर टाकल्याशिवाय त्यातून काही ऐकू यायचं नाही. आई चुलीपुढे होती. तिनं मोबाईल स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

बाईंचा आवाज होता, मराठीतच बोलत होत्या. त्यांनी माझं नाव विचारून घेतलं. म्हणाल्या, "तुमचा निबंध आम्हाला खूप आवडला. दहावी उत्तम, फिजिक्स उत्तम. पण दोन विषयांत एकदम घसरण आहे आणि कारणाचा रकाना तुम्ही रिकामा ठेवलाय. काही झालं होतं का? मी तेवढ्यासाठीच फोन केलाय. कारण असेल तर मी तुमच्या अर्जाला जोडते, समिती त्याचा विचार करते."

मी आईकडे बघितलं. तिच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात तेलाची पळी. ती श्वास रोखून ऐकत होती.

"नाही," मी म्हटलं. "विशेष काही कारण नव्हतं."

"नक्की ना? अगदी घरातलं काही असलं तरी सांगा. संकोच करू नका."

"नाही मॅडम. काही नव्हतं."

त्या थोडं थांबल्या. मला अजून वाटतं, त्या थांबल्या तेव्हा त्यांना काहीतरी कळलं असावं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं." आणि फोन बंद झाला. त्या विद्यापीठाचं पुढे नकाराचं एक ओळीचं उत्तर आलं, पण मला ते त्या थांबण्यातच मिळालं होतं.

आईनं मोबाईल कोनाड्यात ठेवला. पदरानं कपाळ पुसलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "बहाना न्हाई सांगितलास. त्येंच्यावर गेलीस. आज असतं तर गुड म्हनलं असतं."

कढईत तेल तापत होतं.

मग ती माझ्याकडे पाठ करून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, अगदी हळू आवाजात म्हणाली, "पर का गं बाळा? तुला त्रास नगं म्हनून त्येंचं तोंड बी बघू दिलं न्हाई मी तुला. समद्या गावाचं ऐकून घेटलं. मग मार्क का कमी पडलं गं?"

तिला राग नव्हता. ती मला विचारतही नव्हती खरं तर, ती घाबरलेली होती. मी जे सांगेन त्यावर तिचा तो दगड टिकणार होता किंवा फुटणार होता.

"अभ्यास कमी पडला, आई."

तिचे खांदे खाली आले. तिनं मोठा श्वास सोडला.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि तिनं तेलात मोहरी टाकली.